मोहाच्या खुंटाभोवतीचं कुंपण

प्रभूची प्रार्थना म्हणताना मला खोकला यायचा. घरी नाही, फक्त रविवारी मंडळीच्या उपासनेत, आणि तोही एकाच ठिकाणी. देवाकडे आपल्या अपराधांची क्षमा मागायची आणि आपणही आपल्या अपराध्यांना क्षमा केली आहे असं म्हणायचं, ती ओळ जवळ आली की मी पदर तोंडाला लावायचे, खोकायचे, आणि सगळे पुढे सरकले की पुन्हा आवाज लावायचे. देवाच्या घरात खोटं बोलायला नको म्हणून मी काढलेली ही पळवाट. कितीतरी वर्षं ती चालली. कुणाला पत्ता नाही, असं आपलं मला वाटायचं. महिला संघात शिकवणारी बाई मी. तारण फुकट मिळतं, ते कमवावं लागत नाही, विश्वास ठेवा आणि हात पुढे करा, असं बायांना घसा फोडून सांगायचे, आणि त्याच घशातून ही एक ओळ निघत नव्हती. देवाला हे दिसत असेल, असं कधी कधी मनात यायचं. मग मीच म्हणायचे, दिसू दे की! त्याला तो खुंटही दिसतोय.

खुंट आमच्या मोहाचा. पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. आजोबांच्या काळात आमचं घर ख्रिस्ती झालं, पण शेती तीच राहिली, पावसाच्या भरवशावरची, आणि झाडंही तीच राहिली. आमच्याकडे मोहाची झाडं घराघरात वाटलेली असतात. आईच्या वाट्याचं झाड शेताच्या वरच्या बांधावर होतं. चैत्रात त्याच्याखाली फुलांचा सडा पडायचा आणि आई टोपली घेऊन उजाडायच्या आत तिथे हजर असायची. हे झाड माझ्या मागे लेकीचं, असं तिने चार माणसांत सांगून ठेवलं होतं. माझा धाकटा भाऊ रतन तेव्हा दारूत पार बुडालेला. मी आईला दम्यासाठी धुळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेले होते, तेवढ्यात त्याने ते उभं झाड लाकूडवाल्याला विकून टाकलं. आम्ही परत आलो तर बांधावर आभाळच आभाळ. आई त्याला एका शब्दाने बोलली नाही. खुंटाजवळ जाऊन बसायची आणि परत यायची. त्याच हिवाळ्यात ती गेली. झाडामुळे गेली असं कुणी म्हणणार नाही, दमा तिचा जुनाच होता. पण मी मनात दोन्हींची गाठ मारून टाकली ती मारलीच. रतन तोंड लपवून हैदराबादकडे निघून गेला, आणि मी बांधावरची वाट सोडून अंगणवाडीत कामाला जाताना नाल्याकडून फिरून जायला लागले.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तो परत आला. अंगावर धुतलेला पांढरा सदरा, केस नीट कापलेले, आणि तोंडाला दारूचा वास नाही. दारू तर सोडाच, बिडी नाही, तंबाखू नाही, कॉफी नाही, आणि आमच्या गावाला सगळ्यात नवल वाटलं ते म्हणजे चहासुद्धा नाही! तिकडे तो मॉर्मन झाला होता. लोक मला विचारायला लागले, अक्का, हे काय नवीन? येशूला मानतात की नाही? मानतात, मी म्हणायचे, पण आपल्या शास्त्राच्या जोडीला आणखी एक शास्त्र धरतात. मला तरी कुठे जास्त माहीत होतं! रतनलाच एकदा छेडलं तर म्हणाला, "अक्का, तारणारा येशूच. त्याच्या कृपेवाचून कुणी वाचत नाही. पण पश्चात्ताप नुसता तोंडाने होत नाही. आज्ञा पाळायच्या, आणि जे मोडलं ते जमेल तितकं भरून द्यायचं." मी म्हटलं, "भरून देणारा तू कोण? त्याने वधस्तंभावर सगळं भरलं." त्यांच्या उपासनेत प्रभुभोजनाला भाकर आणि पाणी घेतात, हेही त्यानेच सांगितलं. पाणी! मी हसले. येशूने पाण्याचा द्राक्षरस केला, आणि तुम्ही द्राक्षरसाचं पाणी केलंत की रे, म्हटलं. तो रागावला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पहिला रतन असता तर ताट भिरकावून दिलं असतं, म्हणजे मलाही मोकळेपणाने भांडता आलं असतं.

तो पडवीत राहायचा आणि सकाळी उठून कामाला लागायचा. माझ्या घराची कौलं त्याने न सांगता शाकारली. भगर लावून दिली. मग वनखात्याच्या रोपवाटिकेतून मोहाची रोपं आणली आणि त्या खुंटाच्या चहूबाजूंनी लावली. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून बोरी-बाभळीचे काटे तोडून सगळ्याला मिळून एक जाड कुंपण घातलं. हातांची चाळण झाली होती. पावसाळा सरल्यावर खालच्या हातपंपावरून पाणी डोक्यावर घेऊन तो चढण चढायचा. गावातल्या बाया हळहळायच्या, आणि मी आपली नाल्याच्या वाटेने ये-जा करत राहिले. मोह काय आज लावला आणि उद्या फुलला असं असतं? आई फुलं वेचायला येणार आहे का आता?

शेवटी मंडळीतले वडीलधारे नाना मध्ये पडले. नाना म्हातारे, पण गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. आमच्याकडे पूर्वी भांडण मिटलं की दोन्ही बाजू एकत्र बसून मोहाची दारू प्यायच्या, आणि प्यायली की ते भांडण पुन्हा कुणी उकरायचं नाही. ख्रिस्ती झाल्यावर जुन्या वडीलधाऱ्यांनी दारू काढली आणि तिच्या जागी कोरा चहा ठेवला. तेव्हापासून आमच्या मंडळीत उपासना झाल्यावर सगळ्यांसमोर चहा प्यायला की मिटलं. तर नाना म्हणाले, नाताळाच्या आधी तुम्ही दोघं भाऊबहीण चहा प्या. मला नाही म्हणता येईना. मी घरून कोरा चहा करून नेला, भरपूर गुळाचा, रतनला लहानपणी आवडायचा तसा. खरं सांगते, तो करताना मन थोडं पाघळलंही होतं. मी पेला पुढे केला. रतनने हात जोडले. "अक्का, मी चहा पीत नाही. तुला माहीत आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळी मंडळी बघतेय, आणि हा माझ्या हातचा पेला परत करतोय! मी म्हटलं, "माझा चहा नको, तर माझी माफी तरी कशाला हवी? एका घोटाने तुझा देव बुडणार आहे का?" तो म्हणाला, "मी देवाला शब्द दिलाय. आयुष्यात पहिल्यांदा दिलेला शब्द पाळतोय, तो तुझ्यासाठी मोडायला लावू नकोस." मी म्हटलं, "शब्द पाळून आणि झाडं लावून पाप फिटतं का रे?" "फिटत नाही," तो म्हणाला, "पण म्हणून हात बांधून बसू का? आणि तू शिकवतेस ना, प्रभू फुकट माफ करतो म्हणून? मग माझ्याकडून चहा का मागतेस?" मी किटली उचलली आणि तडक घरी आले. चहा गोठ्यामागे ओतून दिला आणि चुलीपुढे बसून रडले, त्याच्या नावाने बोटं मोडत रडले. त्याचं म्हणणं मला तिथेच पटलं होतं, म्हणून तर इतकी आग लागली होती.

त्यानंतर आमचं बोलणं साफ बंद झालं. नाताळ तसाच गेला. उन्हाळ्यात हातपंप आटला, पाणी थेंबथेंब यायला लागलं आणि रतनची रोपं एकेक करून वाळली. शेवटचं वाळलं तेव्हा तो माझ्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. "अक्का, सगळी गेली," म्हणाला. "माझ्याने जेवढं झालं तेवढं केलं. आता माझ्यापाशी काही उरलं नाही. दुपारच्या जीपने जातो. आता पुन्हा येऊन तुला त्रास देणार नाही." मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही. बरं, एवढंच म्हटलं आणि अंगणवाडीला निघाले. वाटेत मनात येत होतं. आईबाप गेलेले, मालक गेलेले, मला मूलबाळ नाही. पाठचा म्हणून तो एकटा, आणि तो गेला की मला हक्काने अक्का म्हणणारं रक्ताचं कुणी राहणार नव्हतं. हे सगळं कळत होतं, तरी मागे वळावंसं वाटेना, इतका तो राग मनात मुरला होता. चालता चालता मी देवाला म्हटलं, माझ्याने होत नाही. मी शिकवते, पण माझ्याने होत नाही. तुला काय करायचं ते तू कर.

अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते तर दारात एक बाई येऊन उभी राहिली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. डोंगरापलीकडच्या पाड्यावरची असावी, हातात काठी, मागे शेळ्यांचा कालवा. कुणीतरी तिला सांगितलं होतं की वरच्या बांधाची मालकीण इथे असते. आली ती भांडायलाच. "तुना भाऊनी काटा लाई दिधात! दरसाल मन्या बकऱ्या त्या खुंटना पाला खायेत. आते त्यास्ले कथा लई जाऊ मी?" मला आधी कळेचना. म्हटलं, खुंटाला कसला पाला, बाई? तो मेलेला आहे. तर ती माझ्यावरच डाफरली. मेलेला कसा, दरवर्षी पावसात फुटतो, दरवर्षी माझ्या शेळ्या खातात, यंदाच तुम्ही कुंपण घालून गरिबाचा चारा अडवलात, तुम्ही ख्रिस्ती माणसं ना? तोंडाला येईल ते बोलत होती. मदतनीस बाईच्या हातात पळी देऊन मी तशीच निघाले. नाल्याची वाट नाही घेतली, सरळ बांधाने चढले.

कुंपणात रतनची रोपं काटक्या होऊन उभी होती. आणि मधोमध त्या खुंटाच्या अंगातून फुटवे निघाले होते, माझ्या कमरेला लागतील एवढे, टोकांना तांबूस कोवळी पानं. हातपंप आटलेल्या त्या उन्हात! दरवर्षी तो फुटत होता. मी नाल्याकडून फिरून जात होते आणि तो इथे दर पावसाळ्यात फुटत होता, शेळ्या खात होत्या, तो पुन्हा फुटत होता. मी तिथेच मातीत बसले आणि आईला हाका मारून रडले. हा काही चमत्कार नाही. मोहाचा खुंट फुटतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, मी फक्त बघायला गेले नव्हते. फुटवा काही रतनने आणलेला नव्हता, तो मुळातूनच आला होता. पण काटे रतनने लावले होते, आणि ते नसते तर यंदाचाही शेळ्यांच्या पोटात गेला असता. कृपा किती आणि करणी किती, हे तिथे बसून मला वेगळं करता येईना, आणि खरं तर त्या वेळी करावंसंही वाटलं नाही.

घरी पळत आले तेव्हा रतन पडवीत पिशवीला गाठ मारत होता. मी आत गेले, आईचा पितळी तांब्या घासून माठातल्या पाण्याने भरला आणि त्याच्यापुढे धरला. "चहा नाही केला. पाणी आहे," म्हटलं. मग त्याने तांब्या दोन्ही हातांनी घेतला, डोळे मिटले, ओठ हलले, आणि अर्धा तांब्या प्यायला. उरलेलं मी प्यायले. तेव्हा मला त्यांच्या भाकर-पाण्याची आठवण झाली, आणि मी हसले होते तेही आठवलं. "माफ केलं रे," मी म्हटलं. "कशाच्या बदल्यात नाही. असंच." तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा हमसायला लागला. मग मी त्याला फुटव्यांचं सांगितलं. तर म्हणाला, "दिसत होते गं मला. पण ते मी लावलेले नव्हते ना. म्हणून मी ते हिशेबात धरलेच नाहीत."

जीप गेली, तो राहिला. तो अजूनही मॉर्मन आहे, मी माझ्या मंडळीत आहे. आम्ही अजून वाद घालतो, आणि मी हरत नाही. कुंपणाचे काटे तो बदलत असतो. त्या शेळ्यांच्या बाईबद्दल आम्ही दोघांनी डोंगराच्या पाड्यांवर विचारून पाहिलं, तिला चारा द्यावा म्हणून, पण अशी बाई कुणी ओळखली नाही. असेल कुठली तरी. देवाने माझ्याकडे धाडली ती भांडायला धाडली, याचं मला हसूही येतं आणि उपकारही वाटतात. मऊ शब्दाने मी हललेच नसते. माझ्याने होत नाही असं म्हणून मी हात टेकले त्याच दुपारी ती आली, एवढंच मी सांगू शकते. आता महिला संघात शिकवताना मी तारण फुकट असतं असं म्हणते, आणि लगेच बायांना विचारते, मग तुम्ही कुणाकडून काय वसूल करताय?

आम्ही पाणी प्यायलो त्यानंतरच्याच रविवारी मंडळीत प्रभूची प्रार्थना झाली. ती ओळ आली आणि मी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने म्हटली. उपासना सुटल्यावर नाना काठी टेकत माझ्याजवळून गेले, आणि जाता जाता थांबले.

"खोकला गेला वाटतं, अक्का."

"गेला, नाना."

"बरं झालं," नाना म्हणाले. "फार जुना होता."