पिवळा दिवा आणि बाबांची चिकटपट्टी

माझे बाबा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, एका केमिकल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये नोकरीला होते. भिंतभर पॅनेल, त्यावर ओळीने लाल, पिवळे, हिरवे दिवे, आणि समोर खुर्चीत बाबा. दिवा लागला की काय करायचं हे ते नव्या मुलांना शिकवायचे. आधी दिवा खरा की खोटा ते बघायचं, मग दुसऱ्या यंत्रावर पडताळा घ्यायचा, मग उठून प्रत्यक्ष टाकीपाशी जायचं. एकदा कुणीतरी अलार्मचा आवाज बंद करून डबा खात बसला होता, तर बाबांनी त्याला असं काही सुनावलं की त्या दिवशी दोघांचेही डबे तसेच घरी गेले.

अशा माणसाच्या हातून गाडीचं इंजिन जळावं, हे आमच्या घरातलं एक न सुटलेलं कोडं होतं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. मी शाळेत होते. बाबांनी सेकंडहँड गाडी घेतली, दुधी रंगाची. बिल्डिंगमधली पहिलीच गाडी, त्यामुळे ती रोज धुतली जायची आणि महिन्यातून दोनदा चालवली जायची. घेऊन वर्षही झालं नसेल, एका रविवारी आम्ही कल्याणला मुंजीला गेलेलो. परत येताना ठाकुर्लीजवळ गाडीतून आधी खडखड आवाज आला, मग जळका वास, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. दोनतीन जणांनी ढकलून पाहिली, ती इंचभर हलेना. शेवटी गिअर काढून ती कडेला घेतली. गॅरेजवाल्याने तेल मोजायची पट्टी ओढून बघितली. ती कोरडी होती.

"साहेब, ऑइल संपलेलं. इंजिन जाम झालंय," तो म्हणाला. "लाल दिवा लागला असेल की."

"नाही," बाबा म्हणाले. "दिवा लागलाच नाही."

पुढे जो कोणी विचारी त्याला हेच उत्तर. दिवा लागलाच नाही. गाडी होती तशी विकली. आम्ही पुन्हा लोकलने आणि बसने फिरू लागलो, आणि घरात गाडीचा विषय निघाला की त्यांना वर्तमानपत्रात काहीतरी महत्त्वाचं सापडायचं.

दहा-अकरा वर्षांनी मी गाडी घेतली. तोवर मी ठाण्याला बँकेत लागले होते आणि बाबा रिटायर झाले होते. नवीन पद्धतीची गाडी, कार्ब्युरेटर नाही, सगळं कॉम्प्युटरवर. बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, "छान आहे" म्हणाले आणि वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक त्यांच्या उशाशी, आणि त्यात पेन्सिलीने खुणा.

ठाण्यात वर्तकनगरला माझी आत्या राहायची. तिच्या मुलीचा साखरपुडा होता आणि पुरणपोळ्या आईने करायच्या असं ठरलेलं. सकाळी आठला आम्ही निघालो. मागच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर पोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा. पुढे माझ्या शेजारी बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून. शिळफाट्याच्या रस्त्याला लागलो, काटई नाका मागे पडला, आणि माझ्यासमोर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला.

मी काही बोलायच्या आधीच बाबा म्हणाले, "गाडी बाजूला घे."

"बाबा, चालतेय की नीट."

"बाजूला घे म्हणतो ना."

आवाज वर गेला नव्हता, पण मी इंडिकेटर दिला आणि एका चिंचेच्या झाडाखाली गाडी थांबवली. आई पुढे वाकून बघत म्हणाली, "हे काय चित्र आहे? पाण्याची मोटर दिसतेय."

"इंजिन आहे ते," मी म्हणाले.

"इंजिनासारखं नाही दिसत."

झाडाखाली एक बाई भाजीचे वाटे लावून बसली होती, शेजारच्या आगरी गावातली. तिने मुळ्याची जुडी खाली ठेवून विचारलं, "काय झाला गो, गारी बंद परली?"

"बंद नाही मावशी, दिवा लागलाय."

"मग इझव ना," ती म्हणाली आणि पुन्हा मुळ्याकडे वळली.

मला हसू आलं. बाबांना आलं नाही. ते खाली उतरले होते आणि त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. मग त्या इस्त्रीच्या शर्टात माझ्या बाबांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. त्यांनी तेलाची पट्टी काढली, रुमालाने पुसली, परत घातली, परत काढली, उजेडात धरली. तेल बरोबर होतं. खाली वाकून कुठे काही गळतंय का बघितलं. नाक पुढे करून वास घेतला. मग मला म्हणाले, "बस आत. तापमानाचा काटा कुठे आहे?"

"मध्यावर."

"तेलाचा लाल दिवा?"

"नाही."

"बंद कर. आता नुसती किल्ली फिरव, चालू करू नकोस. सगळे दिवे लागले? म्हणजे बल्ब ठीक आहेत. आता चालू कर. कुठला राहिला?"

"एकच. पिवळा."

"म्हणजे खोटा नाही," ते म्हणाले. बॉनेटवर कान लावल्यासारखे क्षणभर थांबले. "आणि पंखा थांबतच नाहीये. इंजिन जास्त तापलेलं नसताना कशाला फिरतोय तो?"

मी डिकीतून पुस्तक काढलं. त्यांनी खूण केलेलं पान लगेच सापडलं. लाल दिवा लागला तर गाडी तिथल्या तिथे थांबवा, इंजिन बंद करा. पिवळा लागून राहिला आणि गाडी नेहमीसारखी चालत असली तर सावकाश चालवा आणि लवकरात लवकर सर्व्हिस सेंटरला दाखवा. मी मोठ्याने मराठी करून वाचलं.

"बघा. जाता येईल," मी म्हणाले. "आणि हे तुम्ही आधीच वाचलंय. खाली रेघ आहे."

बाबा बसले नाहीत. दारावर हात ठेवून उभे राहिले. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा.

"त्या गाडीचा दिवा लागला होता," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही कुठल्या गाडीचा.

"ठाकुर्लीच्या आधी दोन-तीन महिन्यांपासून लागत होता. वळणावर लागायचा, सरळ रस्त्यावर जायचा. मला वाटलं, जुनी गाडी आहे, वायर सैल असेल. तुझी आई सारखी विचारायची, हे लाल काय आहे म्हणून. म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी लावली."

बाबांनी. ज्यांनी अलार्म बंद करणाऱ्याला जेवू दिलं नव्हतं, त्यांनी. इतकी वर्षं ते वर्तमानपत्राआड का जायचे ते आत्ता कळत होतं. आणि ते माझ्याकडे बघत नव्हते, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

मागून आई म्हणाली, "चिकटपट्टी माझ्याच औषधाच्या डब्यातली होती. मला काय कळलं नाही वाटतं?"

बाबा वळले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. आणि तेव्हा बोलून ते इंजिन काय सुटं होणार होतं?" तिने डबा मांडीवर नीट केला. "बसा आता. पोळ्या गार झाल्या तरी चालतील, पण नवऱ्या मुलाकडची माणसं अकराला येणार आहेत."

बाबा बसले. मी चाळीसच्या वर गेले नाही. मुंब्र्यात एक रिक्षावाला माझ्या नावाने काहीतरी बोलून पुढे गेला. बाबा दर पाच मिनिटांनी काटा विचारत होते आणि मी "मध्यावर" म्हणत होते. कळव्याच्या पुलावर त्यांनी आपणहून मुंजीतल्या जेवणाचा विषय काढला. कसला बेचव मठ्ठा होता, आठवतंय का. आई म्हणाली, मठ्ठा नव्हे, मठ्ठा चांगला होता, जिलबी कच्ची होती. वर्तकनगर येईपर्यंत हेच चाललं होतं.

सोमवारी मी रजा टाकली. बाबा माझ्याआधी तयार होऊन खाली उभे. ठाण्याच्या सर्व्हिस सेंटरमधला मेकॅनिक तिशीतला, शांत माणूस होता. त्याने डॅशबोर्डखालच्या एका सॉकेटमध्ये वायरीचा छोटा तुकडा घालून दोन टोकं जोडली आणि किल्ली फिरवली. पिवळा दिवा लुकलुकायला लागला. एकदा, मग थोडं थांबून चारदा. पुन्हा एकदा, पुन्हा चारदा.

"चौदा," बाबा म्हणाले.

मेकॅनिकने त्यांच्याकडे बघितलं. "बरोबर, काका. तुम्हाला माहितीये?"

"नाही. पण तो काहीतरी मोजून सांगतोय हे दिसतंय ना."

भिंतीवर तक्ता होता. चौदा म्हणजे पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. त्याच्याकडून काही कळेना म्हणून कॉम्प्युटर बिचारा आपला पंखा चालूच ठेवत होता, असं मेकॅनिकने समजावलं. बाबा मान डोलवत होते, तोंडभर समाधान. बॉनेट उघडून बॅटरी बाजूला घेतली तर सेन्सरची वायर कुरतडलेली, आणि खालच्या खाचेत आमच्याच जिन्यातल्या पायपुसण्याचे धागे, कागदाचे कपटे, एक बारीकसं घरटं. उंदीर घरी नव्हता.

वायर जोडली, दिवा गेला. मेकॅनिक हात पुसत होता तेव्हा बाबांनी त्याला ठाकुर्लीची सगळी गोष्ट सांगितली, चिकटपट्टीसकट, कुणी विचारलेलं नसताना. तो म्हणाला, "काका, आठवड्याला एक तरी येतो असा. लोक फेविकॉलने कागदसुद्धा लावतात." बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी त्याला कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला नेलं आणि मी अर्धा तास गाडीत बसून राहिले.

उंदराचा बंदोबस्त आईने आपल्याकडे घेतला. बाबांच्या जुन्या मोज्यात मूठभर डांबरगोळ्या भरून तो मोजा तिने बॅटरीशेजारी सुतळीने बांधला. उंदीर परत आला नाही. पण पुढे कितीतरी महिने काच वर करून गाडी चालवणं अवघड होतं. बँकेतली माझी मैत्रीण पहिल्यांदा लिफ्ट घेऊन बसली तेव्हा दोन सिग्नल नाकाशी रुमाल धरून बसली, आणि मग फार सभ्यपणे म्हणाली, "तुमच्याकडे हिवाळ्याचे कपडे गाडीत ठेवतात का गं?"