हिरामणची पकड

आम्ही जुने कबड्डीवाले चार जण भेटलो की कुणीतरी हिरामणचं नाव काढतंच. मग चहा थंड होतो आणि डोकं गरम! खडवलीकडचा आगरी गडी, डोंबिवलीच्या आमच्या कंपनीच्या टीमचा डावा कोपरा. मी त्याच्या शेजारी, त्याचा हात धरून आठ वर्षं खेळलेलो. टाळ्या चढाईवाल्याला आणि टाके आम्हाला, हाच आमचा धंदा!

*

त्याच्या भरतीची गोष्ट. आमचे स्पोर्ट्स ऑफिसर देसाईसाहेब स्वतः एकेकाळचे चढाईवाले. पकड करणारा त्यांच्या लेखी हमाल. त्यांनी हिरामणला विचारलं, "एका मॅचला किती पॉइंट आणतोस रे?"

"मी आनत नाय सायेब. समोरच्याला नेऊ देत नाय!"

साहेब हसले नाहीत. घेतलं मात्र, कारण ट्रायलला आमचे तिन्ही चढाईवाले त्याने आडवे केलेले.

*

ठाण्याच्या एका फायनलला शेवटच्या चढाईत त्याने समोरच्या स्टारचा घोटा पकडला आणि आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो! हरलेल्या स्टारचा चेहरा मोठ्ठा, नावासकट. हिरामणचे फक्त दोन हात.

कँटीनमध्ये त्याने पेपर टेबलावर आपटला. "हात माजे, नाव त्याचा? अरे, हरला तो ना!"

आम्ही खो खो हसलेलो. आज लाज वाटते.

*

मग गुडघा. सेमीफायनलला टम्म सुजला. देसाईसाहेब म्हणाले, "पट्टी बांध आणि उद्या खेळ. कंपनीच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

रविवारी फायनल. पहिल्याच पकडीत गुडघ्यातून कट्‌कन आवाज आला, मला शेजारी ऐकू आला! तरी याने समोरच्याचा पाय सोडला नाही. कप आपल्याकडे.

ऑपरेशनसाठी भरपगारी रजा मागायला आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो. साहेबांनी फाइलमधून मानसुद्धा वर केली नाही. "रविवारी लागलंय. ड्युटीवर नव्हतास तू."

हिरामण कुबडीवर रेलून म्हणाला, "मंग कप पन रविवारचाच हाय. तो माज्या घरी पाठवा!"

कप ऑफिसच्या काचेच्या कपाटातच राहिला. हिरामणला टाकलं गोडाऊनला, दिवसभर उभं राहायचं काम! युनियन गप्प. आम्हीही गप्प. आम्हाला आमच्या नोकऱ्या होत्या ना!

*

आता खरा किस्सा.

कंपनीचा क्रीडादिन. मंडपात मालक, कामगार, सगळ्यांची बायकापोरं. हिरामणला खुर्च्या लावायला बोलावलेलं. देसाईसाहेब माइकवर रंगात आले. "माझ्या अख्ख्या करिअरमध्ये एकाही माईच्या लालाला माझा पाय धरता आला नाही!"

हिरामणने हातातली खुर्ची खाली ठेवली. लंगडत लंगडत स्टेजवर चढला आणि वाकला. लोकांना वाटलं, पाया पडतोय. टाळ्यासुद्धा वाजल्या.

त्याने साहेबांचा घोटा दोन्ही हातांत धरला.

साहेबांनी पाय ओढला. हलेना. पुन्हा ओढला. माइक चालूच होता, अख्ख्या मंडपाला ऐकू गेलं, "सोड. हिरामण, सोड म्हणतो ना!"

दोन वॉचमन धावले. त्यांनाही सोडवेना.

हिरामणने मान वर केली. "कबड्डी कबड्डी म्हना, सायेब. दम हाय तवर म्हना."

आणि देसाईसाहेब, माइकवर, मालकांसमोर, म्हणायला लागले!