आधी उत्तर सांगजो

पौर्णिमाला एका जागी बसता येत नाही, हे वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या तिच्या गल्लीला जुनंच ठाऊक होतं. पण यंदा दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली, ती बडबड सोबत घेऊन. "एकूण घरं किती, त्यातल्या किती घरी रोज दूध लागते..." असं मोठ्याने म्हणत ती गच्चीवर चकरा मारायची. शेजारच्या विमलाबाईंनी शेवटी तिच्या आईला, कांताबाईंना, हळूच विचारलं, "पोरीची तब्येत बरी हाये ना?"

तब्येत बरी होती. पौर्णिमा नागपूरला एमबीएच्या पहिल्या वर्षाला होती, आणि सुट्टी संपताच एक कन्सल्टिंग कंपनी कॉलेजात इंटर्नशिपसाठी मुलं निवडायला येणार होती. या कंपन्या केस इंटरव्ह्यू घेतात. समोरचा माणूस एखाद्या धंद्याची अडचण सांगतो, आणि आपण कागद-पेन घेऊन, मोठ्याने विचार करत, ती तिथल्या तिथे सोडवायची. पौर्णिमाला आता जिकडेतिकडे केसच दिसत होत्या. मेडिकलमध्ये गोळी घ्यायला गेली तरी दुकानाचं भाडं आणि गिऱ्हाइकं मोजत उभी राहायची.

घरी वर एक खोली काढणं चाललं होतं. बाबा फरशीचे दोन नमुने घेऊन आले.

"पौर्णिमा, कोणती लावू? ही का ती?"

"ते तीन गोष्टींवर ठरते, बाबा. एक, खोली कोण वापरणार. दोन, ऊन किती..."

"अवं, तुले आवडली कोणती?"

"आवडण्याचा मुद्दा वेगळा. आधी..."

बाबांनी नमुने काखेत मारले आणि स्वयंपाकघर गाठलं. कांताबाईंनी कणकेच्या हातानेच करड्या फरशीकडे बोट दाखवलं. झालं.

सरावाला तिच्या जोडीला निकेश होता. वर्गातलाच, केळझरचा. त्याच्या वडिलांचं, प्रभाकररावांचं, तिथे किराणा दुकान होतं. दोघांना सोयीचं म्हणून ते पवनारला भेटत, धाम नदीच्या काठावर खडकांवर बसत. एक जण कंपनीवाला व्हायचा, दुसरा उमेदवार.

त्या दिवशी निकेश कंपनीवाला होता. एका डेअरीची दूधविक्री घटली आहे, तिने पनीर सुरू करावं का, अशी केस. पौर्णिमाने खर्च, गिऱ्हाईक, स्पर्धा असे भाग पाडले, भागांचे पोटभाग पाडले. कागद चौकोनांनी भरून गेला.

"मंग?" निकेश म्हणाला. "पनीर काढायचं का नाई?"

"ते डिपेंड करते."

"समज, मी डेअरीचा मालक. पैसे देऊन तुले बोलावलं. अन् तू मले माझाच प्रश्न तुकडे करून वापस देऊन राह्यली. तू कधीच उत्तर देत नाई, पौर्णिमा."

तिला चटका बसला. "तुले तर साधी टक्केवारी जमत नाई. तू मले शिकवू नको!"

निकेशचे कान लाल झाले. "नाई जमत. म्हणूनच तर तुझ्यासोबत बसतो."

ती तडक उठली आणि मिळेल त्या बसने घरी आली.

मग तिने त्याला फोन केला नाही. एकटीच सराव करू लागली. मोबाइलवर दुसऱ्यांचे इंटरव्ह्यू बघायची. ती मुलं फाडफाड बोलायची आणि ही व्हिडिओ मधेच बंद करून टाकायची. जेवताना अर्ध्यातून उठायची. पण निकेशचं बोलणं डोक्यातून जाईना, कारण ते खरं होतं. भाग पाडत राहिलं की चूक कुठे सापडत नाही. एकदा हो किंवा नाही म्हटलं, की माणूस पकडला जातो. आणि पकडलं जायची तिला फार भीती होती.

अखेर तिने फोन लावला. "उद्या येतो का पवनारले?"

"येतो. पण एक काम करजो. आधी उत्तर सांगजो, मंग कारणं. चुकलं तरी चालते."

उरलेली सुट्टी तशी गेली. ती उत्तर द्यायची आणि तोंड वाकडं करायची. निकेश टक्केवारी काढायचा आणि ती त्याच्या चुका दाखवायची.

इंटरव्ह्यूला समोर एक थकलेल्या चेहऱ्याच्या बाई होत्या. केस बसची होती. दोन छोट्या गावांमध्ये एका मालकाला एसी बस सुरू करायची आहे, करावी का? पौर्णिमाने हिशेब मांडला आणि म्हणाली, "करू नये. तोटा होईल."

"तुमचा आकडा पुन्हा बघा," बाई म्हणाल्या.

तिने बघितलं. परतीचे प्रवासी तिने धरलेच नव्हते. गोलगोल बोलून निसटावं असं क्षणभर वाटलं. मग ती म्हणाली, "मी चुकले. परतीची फेरी धरली तर फायदा होतो. माझं उत्तर बदलतं. सुरू करावी, पण आधी एकच बस."

बाईंनी नुसती मान हलवली. बाहेर येऊन पौर्णिमा व्हरांड्यात इतक्या चकरा मारू लागली की शिपाईच म्हणाला, "मॅडम, बसा ना जरा. मलेच गरगरून राह्यलं."

संध्याकाळी नावं लागली. पौर्णिमाचं होतं, निकेशचं नव्हतं. तो आकडेमोडीत अडकला होता. त्याने "अभिनंदन" म्हटलं, हात मिळवला आणि निघून गेला. शनिवारी ती घरी आली तेव्हा बाबांनी पेढे वाटले. पौर्णिमाला मात्र पेढा गोड लागेना.

निकेशही गावी आला होता, म्हणून रविवारी ती केळझरला गेली. त्याच्या घरी ती पहिल्यांदाच जात होती. प्रभाकररावांनी तिला दुकानामागच्या खोलीत बसवलं. निकेश आला, पण दारातच उभा राहिला.

"राग आला का माझा?" तिने विचारलं.

"आला. तुझी चूक नाई, तरी आला. अजून हाये."

"असू दे. पुढच्या आठवड्यात दुसरी कंपनी येऊन राह्यली. कागद घे."

 तो दुकानातून जुन्या बिलांचे पाठकोरे कागद घेऊन आला.

त्या कंपनीतही त्याचं जमलं नाही. पुढे नागपुरातच बाजार-पाहणी करणाऱ्या एका छोट्या संस्थेत त्याला इंटर्नशिप मिळाली आणि ती त्याला आवडली. पौर्णिमा एप्रिलमध्ये इंटर्नशिपसाठी हैदराबादला निघाली. सेवाग्राम स्टेशनवर आई-बाबा पोचवायला आले होते. गाडी हलली तरी ती दारातच उभी होती, आणि कांताबाई फलाटावरून ओरडत होत्या, "अवं, जागेवर जाऊन बस ना आता!"