तिन्ही संध्याकाळी एकच

संध्याकाळची शेळगाव बस बंद झाली. जाब विचारायला आम्ही प्रवासी संघटनेचे लोक बारामतीच्या आगारात गेलो, तर साहेब म्हणाले, "एकाचीही तक्रार नाही. असेल तर उद्या लेखी आणा." असलं काही ऐकलं की माझ्या डोक्यात थेट पत्रकच तयार होतं. लोकांनी आमच्या संघटनेकडे मोबाईलवरून ढिगानं तक्रारी पाठवल्या होत्या! आणि माझ्या धाकट्या बहिणीचं कॉलेज बारामतीत. प्रॅक्टिकल उशिरा सुटतं. बस नसेल तर कॉलेज सोड, इथवर घरात बोलणं आलं होतं.

तक्रारींतून शोधायची सोय तिनंच केली होती, फुकट मिळणारी सर्च इंजिनची लायब्ररी, म्हणजे आयता प्रोग्राम, वापरून. शोध मात्र आम्ही संयुक्त निवेदनासारखा लिहिला. ज्याची जी अट, ती आत. 'शेळगाव' हवं. 'संध्याकाळ' हवं. 'संध्याकाळ' मी आणखी दोनदा घातलं, ठासून. बहीण म्हणाली, मुलींच्या तक्रारी पुढं आल्या पाहिजेत, मुली पासावरच येतात, 'पास' हवंच. संघटनेतले जुने कार्यकर्ते आबा म्हणाले, "पास उशिरा मिळतो त्याची खिडकी येगळी हाय. 'पास' वगळा." दोघांचाही मान राखला. कंसात कंस, त्यात आणखी कंस.

उत्तर आलं शून्य. बटण दाबताक्षणी.

"उडवल्या! कुणीतरी तक्रारी उडवल्या!" मी ओरडले.

"ताई, गप गं. इतक्या लवकर शून्य आलंच कसं, ते बघू दे."

ते मलाही कळेना. खोटं बोलणाऱ्यालासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

लायब्ररीनं आमच्या शोधाचं काय केलं, ते तिनं पडद्यावर आणलं. कंस सगळे उघडून अटी एका ओळीत मांडलेल्या. माझ्या तिन्ही संध्याकाळींची एकच केलेली. राग आला. पाच वेळा लिहून बघितलं, तरी एकच! आणि त्याच ओळीत, शेजारी शेजारी, पास हवा आणि पास नको.

आबा चष्मा पुसत म्हणाले, "म्हंजी यानं तक्रारी वाचल्याच न्हाईत?"

"एकही नाही, आबा," बहीण म्हणाली. " ज्यात पास आहेही आणि नाहीही, अशी तक्रार असेल कशी? मग उघडायच्या कशाला?"

"सायेबबी वाचत न्हाय. ह्यो निदान कारण तरी सांगतोय."

मग बहिणीनं आणि आबांनी पडद्यावर एकमेकांच्या 'पास'वर बोट ठेवलं. शेवटी आबाच म्हणाले, "तुजा तू काढ, माजा मी काढतो."

राहिलं फक्त शेळगाव आणि संध्याकाळ. पडदा तक्रारींनी भरला. उशिरा मिळालेल्या पासाच्याही त्यात आल्या. त्या आबांनी एकेक वाचून बाजूला काढल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी छापून नेलेल्या तक्रारींचा गठ्ठा चाळला. "हे आधी का नाही आणलं?" माझ्याकडं उत्तर तयार होतं, पण बहिणीनं टेबलाखालून चिमटा काढला.

"सोमवारपासून सोडतो," साहेब म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला, मागं इंजिनाची घरघर. "ताई, बस आली. पण बसायला जागा नाही गं!"

"मग कर की तक्रार," मी म्हणाले. "एकदाच लिही."