दारातला जोडा

मी बावन्न वर्षांची शाळामास्तरीण आहे आणि कॉम्प्युटरवर गेम खेळते. हे स्टाफरूममध्ये कळल्यापासून माझी यथेच्छ थट्टा होते. होऊ दे. गेमही एकच, दीडशे वर्षांपूर्वीच्या परदेशी शहरातल्या गुप्तहेराचा. त्यात मारामारी नाही. खोलीत शिरायचं, टेबलाचे खण उघडायचे, पत्रं वाचायची, लोकांना बोलतं करायचं आणि शेवटी एकाचं नाव घ्यायचं. घोडागाड्या, गॅसचे दिवे, चहाच्या किटल्या इतक्या मायेनं काढल्यात, की तपास सोडून मी नुसती दुकानांच्या काचांतून बघत फिरते.

दोषही मला पाठ आहेत. गुप्तहेर आमच्या मुख्याध्यापकांच्या चालीनं चालतो. कुलपाचं कोडं दर दाराला तेच. संशयित दिवसभर एकाच खांबाला टेकून उभे. बायका म्हणजे एक तर विधवा, नाहीतर मोलकरीण. यावर मी प्रत्येक वेळी चिडते आणि प्रत्येक वेळी पुढे खेळते.

गेल्या वर्षी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते कुरवंड्याहून लोणावळ्याला माझ्याकडे राहायला आले. आबा बरीच वर्षं गावचे पोलीस पाटील होते. गावात काही झालं की पोलीस यायच्या आधी पोचायचं, माणसं आवरायची, पंच गोळा करायचे, हे त्यांचं काम. घरात बसून ते कंटाळले होते आणि मला कंटाळा आणत होते. एका रविवारी मी त्यांची खुर्ची माझ्याशेजारी ओढली. माऊस माझा, डोकं त्यांचं, आणि इंग्रजीचं मराठी करायचं कामही माझंच.

गुप्तहेरानं पहिला खण उघडला आणि आबा म्हणाले, "हितं पंच कुटं हायत? दोन पंचांबिगर हात लावू नगं."

"आबा, गेममध्ये पंच नसतात."

"मग हे टिकायचं न्हाई."

पण त्यांना गोडी लागली. एक बाई सांगत होती, सकाळपासून मी घरी एकटी. आबांनी मला पडद्यावरच्या मोरीपाशी न्यायला लावलं आणि दोन खरकटे कप दाखवले. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

दुसरं प्रकरण हॉटेलातलं. एका म्हातारीचा हार चोरीला गेला. शेजारच्या खोलीतला साहेब म्हणाला, मी संध्याकाळपासून खोलीत झोपलो होतो. मोलकरीण म्हणाली, मी त्यांना जिन्यात पाहिलं. आम्ही साहेबाच्या दाराशी आलो. बाहेर त्याचे बूट नीट मांडलेले.

"सोपं हाय," आबा म्हणाले. "जोडा दारात, मंजी मानूस घरात. पोरगी खोटं बोलती."

मलाही ते पटलं. आपल्याकडे दुसरा कसला अर्थ निघणार? आम्ही मोलकरणीचं नाव घेतलं. तिला नेलं. मग पडद्यावर खुलासा आला, की त्या काळी हॉटेलातले पाहुणे झोपताना बूट पॉलिशसाठी खोलीबाहेर ठेवत. साहेबापाशी दुसरा जोड होता. मोलकरीण खरं बोलत होती.

मी हसले. आबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तिला सोडवता येतं का?"

"येतं की. मागं जाऊन तेच प्रकरण पुन्हा खेळायचं."

"मग तिला ह्ये समदं आठवंल?"

"नाही. तिच्यासाठी काही घडलेलंच नसेल."

"मग कुनाला सांगायचं, चुकलं म्हनून? काय उपेग त्याचा."

माझ्या यादीत हा दोष नव्हता. मी कॉम्प्युटर बंद केला. मग आबा हळूहळू बोलायला लागले. पस्तीसेक वर्षांपूर्वी गावात ओढ्यावरची पाण्याची मोटर चोरीला गेली. जागेवर एक चप्पल सापडली, अंगठ्याला लाल दोऱ्याची शिवण असलेली. कुणाची ते आबांनी ओळखलं आणि जमादाराला नाव सांगितलं. तो माणूस परोपरीनं सांगत होता, की लग्नाच्या पंगतीत माझी चप्पल बदलली. कुणी ऐकलं नाही, त्याला चौकीत नेलं. पुढे मोटर दुसऱ्याच्याच गोठ्यात सापडली; बदललेली चप्पल त्याच्याच पायात गेली होती. सुटलेला माणूस बायकोच्या माहेरी, इंदुरीला, राहायला गेला तो परत आला नाही. आबा त्याला एकदाही भेटले नव्हते.

"त्यो हाय अजून," ते म्हणाले. "मला घिऊन चल. ह्याला तरी सांगता येतंय, चुकलं म्हनून."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. मला भीती वाटत होती, की तो माणूस दारातूनच हाकलेल, आणि या वयात आबांना ते सोसणार नाही. घरापाशी आबा काठी टेकून थांबले आणि उंबऱ्याकडे बघितलं. तिथे चपला होत्या.

"घरात हाय," ते पुटपुटले.

बाहेर आलेले म्हातारे गृहस्थ बराच वेळ बघत राहिले. "पाटील?"

"व्हय. बसत न्हाई, आदी बोलू द्या. तुमी चप्पल बदलली म्हनून सांगत व्हता. म्या ऐकलं न्हाई. माजं चुकलं."

"दोन दिस बसवलं व्हतं मला चौकीत."

"व्हय."

"माजी आय भायेर बसून व्हती."

"व्हय. बगितली म्या."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग त्या गृहस्थांनी आत वळून सुनेला चहा टाकायला सांगितला आणि आबांना खुर्ची दिली. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं. त्या दिवसांचा विषय पुन्हा निघाला नाही.

निघताना आबांना वाकता येईना. मी पुढे होणार तोच ते म्हातारे गृहस्थ गुडघे धरत खाली वाकले आणि आबांच्या चपला त्यांच्या पायाशी सरळ करून ठेवल्या.

"तुमच्याच हायत ना, पाटील?" ते म्हणाले. "नीट बगून घाला."

आबांनी काठी माझ्या हातात दिली. दाराच्या चौकटीचा आधार घेऊन दोन्ही चपला नीट बघितल्या आणि मगच पायात घातल्या.