आधी लाईट, मग शतक

"मॅडम, आता बघा हं. आधी लाईट जाईल, मग शतक होईल," सांडू म्हणाला.

मी उस्मानपुऱ्याच्या सबस्टेशनला बॅटरीचं पाणी तपासायला गेले होते, क्रिकेट बघायला नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण सांडू आमचा जुना ऑपरेटर, आणि त्याचा चेहरा असा उतरला होता की मी थांबले. समोर कंट्रोल पॅनेल, बाजूला स्टुलावर त्याचा टीव्ही. बॅट्समन सत्त्याण्णववर. बॉलर चेंडू घासत मागं चाललेला.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला आणि फीडरचा ब्रेकर पडला. फीडर म्हणजे एका भागाला वीज नेणारी मोठी लाईन. ब्रेकर म्हणजे तुमच्या घरात एमसीबी असते ना, तिचा थोरला भाऊ. तो पडला की निम्मा उस्मानपुरा बंद. सबस्टेशनची स्वतःची लाईट दुसऱ्या लाईनवर असते, त्यामुळं टीव्ही चालूच होता. त्यात बॉलर धावत आला, बॅट्समननं चेंडू कव्हरमधून काढला, चार रन. हेल्मेट काढून त्यानं वर बघितलं.

"तिसरी खेप," सांडू हळूच म्हणाला. "याची लागोपाठ तीन टेस्ट, तीन शतकं. तिन्ही टायमाला आपला ब्रेकर आधी."

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. आणि काटा आला म्हणून स्वतःचाच राग आला.

फोन वाजला. कार्यकारी अभियंता, म्हणजे आमचे साहेब.

"मॅडम, उस्मानपुऱ्यात काय चाललंय?"

"ट्रिप झालाय सर."

"पुन्हा? रिलेचं सेटिंग वाढवा आणि मोकळ्या व्हा."

रिले हा आमचा राखणदार. करंट हद्दीबाहेर गेला की तो ब्रेकर पाडतो. "राखणदाराला झोपवलं तर ट्रान्सफॉर्मर जळेल सर," मी म्हणाले.

"मग तो टीव्ही उचलून बाहेर टाका."

"टीव्हीनं ब्रेकर पडत नाही."

"मग कशानं पडतो?"

ते मला माहीत नव्हतं. साहेबांनी फोन ठेवला.

पडलेला ब्रेकर लगेच उचलता येत नाही. कुठं तार तुटून पडली असेल आणि तिला कुणी हात लावून बसलं असेल तर? म्हणून आधी माणसं लाईन बघून येतात. अर्धा-पाऊण तास सहज जातो. त्या दिवशीही गेला. आणि संध्याकाळी वर्षा माझ्या ऑफिसात आली.

वर्षा शाळेत शिक्षिका. वडील दिनकरराव, बिडकीनकडची शेती मुलाकडे सोपवून लेकीकडे उस्मानपुऱ्यात राहायला आलेले. फुप्फुसं निकामी. घरात हवेतून ऑक्सिजन काढणारी मशीन, तिची नळी चोवीस तास नाकाला. लाईट गेली की सिलिंडर लावायचा. त्या दुपारी सिलिंडरचा व्हॉल्व्ह अडकला आणि तो निघेपर्यंत म्हातारा काळानिळा पडला होता.

"मॅडम, पुढच्या टेस्टला लाईट गेली तर पप्पा राहायचे नाहीत," ती म्हणाली. रडली नाही. सरळ माझ्याकडं बघून बोलली. मला तेच जड गेलं.

मी सांडूला बसवून घेतलं. "ब्रेकर पडायच्या आधी अँपिअरचा काटा काय करतो?"

"तेच तर मॅडम. त्यो नव्वदीत गेला की काटा हळूहळू खाली येतो. मंग एका जागी गप बसतो. हालत नाय. मी ड्युटीत असा काटा कधी बघितला नाय. जसं काय तिकडं कुणी राहतच नाय."

दुसऱ्या दिवशी मी वर्षाच्या गल्लीत गेले. एका घरात टीव्हीवर बातम्या देणारी बाई बोलत होती. दोन पावलं पुढं गेले, तर शेजारच्या घरात तीच बाई तेच वाक्य पुन्हा बोलली. मी मागं आले, परत पुढं गेले. पुन्हा तसंच. भर दुपारी, रिकाम्या गल्लीत, एकच आवाज एका घरातून निघून दुसऱ्या घरात शिरत होता.

वर बघितल्यावर उलगडा झाला. पहिल्या घरावर साधी अँटेना, दुसऱ्यावर डिशची छत्री. छत्रीचं चित्र वरून फिरून येतं, काही सेकंद उशिरा पोचतं. आमच्या सबस्टेशनलाही छत्रीच. गल्लीत शतक होऊन गेलेलं असायचं, आमच्या टीव्हीत बॉलर अजून चालत असायचा.

आता ब्रेकर का पडतो, हे राहिलं. ते नळावरच्या एका भाभींनी सांगितलं. "अहो, वोल्टेज कमी झालं की चित्र आक्रसतं. म्हणून पोरांनी ठरवलंय, नव्वदीत गेला की कुणी मोटार लावायची नाही, कूलर नाही, मिक्सर नाही. शतक झालं की सगळे एकदम लावतात. ज्याची मोटार आधी, त्याला पाणी. आम्ही बटणावर बोट ठेवूनच बसतो."

आमच्याकडं पाणी एक दिवसाआड, त्या भागाला दुपारी. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. अख्ख्या उस्मानपुऱ्याच्या मोटारी एका क्षणी सुरू झाल्या तर राखणदार काय करेल? त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. आता तिन्ही शतकं नेमकी पाण्याच्याच दिवशी का झाली, हे मला विचारू नका. मी इंजिनिअर आहे.

मी पाणीवाल्यांच्या हातापाया पडून त्या भागाची पाळी सकाळी करून घेतली. फीडरचा निम्मा भाग शेजारच्या फीडरवर टाकला. वर्षाकडं नवा सिलिंडर पोचला. दिनकररावांना सगळं समजावून सांगितलं. ते हसले. "म्हणजे आता लाईट जाणार नाही?"

"नाही काका."

"मग अवघडंय," ते म्हणाले. मला ती थट्टा वाटली.

चौथी टेस्ट आली. तो पुन्हा नव्वदीत शिरला आणि मी सबस्टेशनला जाऊन बसले. काटा खाली आला. थांबला. मी काचेवर टिचकी मारली, तरी हालला नाही. एवढ्या मोठ्या वस्तीत एकही माणूस उठत नाही, बटण दाबत नाही, हे आकड्यात बघायला फार विचित्र वाटतं. बाहेर रस्त्यावर एक रिक्षा नव्हती.

सत्त्याण्णव. सांडूचा हात ब्रेकरच्या हँडलकडं गेला.

"सांडू, हात मागं."

"मॅडम, दोनच मिन्टं. लगेच उचलतो. न्हाईतर त्यो आऊट होईल."

"तिथं एक माणूस मशीनवर जगतोय. हात मागं घे."

त्यानं हात घेतला, पण माझ्याकडं असं बघितलं जसं मी कुणाचा गळा दाबतेय. अठ्ठ्याण्णव. काटा जागेवर. आणि मग बाहेरून आरडाओरडा आला, फटाके वाजले. काटा जरासा वर चढला आणि स्थिरावला. ब्रेकर जागचा हालला नाही. काही सेकंदांनी आमच्या टीव्हीतही शतक झालं.

"बघितलंस?" मी म्हणाले. "लाईट गेली नाही, तरी झालं की नाही?"

सांडू काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. वर्षा होती. मागं खालून ऑक्सिजनची मशीन पिपाणीसारखी ओरडत होती. वीज तुटली की ती तशी ओरडते.

"गेलीच ना मॅडम लाईट. मी गच्चीवर होते. खाली येतेय."

"लाईट आहे. फीडर चालू आहे." बोलता बोलताच मला काकांचं 'अवघडंय' आठवलं. "वर्षा, मीटरजवळचा मेन स्विच बघ."

ती धावत खाली आल्याचं ऐकू येत होतं. मग नुसतीच "पप्पा, पप्पा" अशी हाक. दिनकरराव मीटरबोर्डाखाली भिंतीला टेकून बसले होते. नळी काढून पलंगावर टाकलेली. एक हात अजून स्विचवर. ओठ निळे.

वाचले. नवा सिलिंडर होता म्हणून वाचले. दवाखान्यात मी भेटायला गेले ती भांडायच्याच तयारीनं.

"काका, मेन तुम्ही पाडलात?"

"व्हय."

"का?"

"तीन खेपा लाईट गेली आन् तीन शतकं झाली. मी एकबी बघितलं नाय. आमचाबी टीव्ही छत्रीचा, त्यो बंद व्हायचा आन् बाहेर लोक ओरडायचे. या खेपेला सत्त्याण्णववर आला तरी टीव्ही चालूच. म्हटलं, तुमची लाईट काय जात नाय, आता आपणच उठावं." मग दम घेऊन विचारलं, "झालं ना त्याचं?"

"झालं."

म्हातारा समाधानानं पडून राहिला. माझं भांडण तिथंच राहिलं.

सांडूला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे लाईट गेलीच की मॅडम." मी त्याला बॅटरीचं पाणी तपासायला पाठवलं. साहेबांना कळवलं, फीडर ट्रिप नाही. साहेब खूष झाले.

वर्षानं मेन स्विचला लोखंडी पेटी करून कुलूप लावलं. पुढच्या टेस्टला तो शहाण्णववर आऊट झाला. त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"तो नव्वदीत गेला तेव्हा पप्पांनी किल्ली मागितली. हात जोडले. मी दिली नाही. आता भिंतीकडं तोंड करून पडलेत." मग तिनं विचारलं, "मॅडम, द्यायला हवी होती का?"

नाही, अजिबात नाही, असं ताडकन म्हणायला पाहिजे होतं. लाईट जाऊ न देण्यातच सगळी नोकरी गेली माझी. म्हणाले मी, पण जरा वेळ गेला, आणि तो वेळ तिच्याही लक्षात आला.

नवीन इंजिनिअर विचारतात, अशा फीडरला काय करायचं. मी सांगते, लोड वाटून द्या, पाण्याची पाळी बदला, सेटिंगला हात लावू नका. आणि मीटरच्या पुढं आपली हद्द नाही, तिथं काय होईल याची खात्री कुणाला देऊ नका.