फोटोग्राफीचे चार तुकडे

मी चौथीपर्यंतच शिकलो. पण मलकपेठपासून नल्लकुंट्यापर्यंत दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्याही इंग्रजीत. म्हणून नातीचा संध्याकाळचा अभ्यास मीच घ्यायचो. सूनबाई म्हणायची, ट्यूशन लावू. मी म्हणायचो, घरात माणूस असताना कशाला? खरं सांगायचं तर दिवसभरात तो एक तासच पोरगी माझ्याजवळ बसायची.

मग शाळेनं परीक्षेसाठी दहा लांबलचक इंग्रजी शब्द दिले. तुकडे पाडा, आणि बोलताना जोर कुठे पडतो तिथे खूण करा. पहिलाच शब्द फोटोग्राफी. अरे, हा तर मी कितीतरी स्टुडिओंवर रंगवलेला! पाटी अरुंद असली की वर फोटो, खाली ग्राफी.

"दोन तुकडे. लिही."

"आणि जोर, आजोबा?"

"पहिल्या अक्षरावर. ते मोठं काढायचं, लाल रंगात."

दहाही शब्द असेच मधोमध तोडले. दहापैकी दोन मार्क आले. पोरीनं पेपर माझ्यापुढे धरला. "याचे चार होतात. फ, टॉग, र, फी. जोर टॉगवर."

"फोटोत टॉग कुठून आला? आणि एकट्या टॉगनंच काय पुण्य केलंय? आपल्या मराठीत असं कुणी कुणाला दाबत नाही."

"तुम्ही डोळ्यांनी तोडता. मिस म्हणतात, कानांनी तोडायचं."

चाळीस वर्षांत एकाही शेटनं माझी पाटी परत पाठवली नाही, आणि ही चिमुरडी मला कान शिकवते! मुलगा आतून ओरडला, "बाबा, नक्को आता, बास."  सूनबाईनं सरळ ट्यूशनला फोन लावला.

ट्यूशन इथंच, कुकटपल्लीत, आमच्या बिल्डिंगमध्ये खाली. पहिल्या दिवशी पोरीला सोडायला गेलो आणि तिच्याशेजारीच बसलो. टीचर तेलुगू, भली बाई; त्यांच्यात आजोबांना तातागारू म्हणतात. म्हणाली, "तातागारू, बाहर कुर्सी है ना."

"हौ, मालूम. इधरीच बैठता मैं."

टीचरनं सांगितलं, हनुवटीखाली हात धरा, शब्द बोला. हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितके तुकडे. शब्द होता एक्झिबिशन. सगळ्या पोरांचे चार आले. माझी कवळी सैल, माझे पाच.

"चार, तातागारू."

"पाच."

पोरं खिदळली. नात हसली नाही. तिनं माझा हात बाजूला केला, आपला हात माझ्या हनुवटीखाली धरला. "परत बोला, आजोबा. हळू."

बोललो. पाचच.